अंगठा

मराठीचा प्राध्यापक म्हटला की त्याच्याविषयी लोकांच्या मनात दोन समजुती असतात. एक, त्याला पुष्कळ कविता पाठ असतात. आणि दुसरी, त्याला अर्ज चांगला लिहिता येतो. पहिल्या समजुतीचा मला आजवर काही त्रास झालेला नाही. कविता म्हणून दाखवा असा आग्रह हल्ली कोणी धरीत नाही. दुसरीपायी मात्र आमच्या घराला हळूहळू चावडीची कळा आली आहे. टँकर आला नाही, अर्ज लिहा. वारसनोंद रखडली, अर्ज लिहा. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले तर 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत सगळे मराठी गद्य माझ्याच टेबलावरून जाते. आमच्या सौ. म्हणतात, "एवढ्यात तुमची एक कादंबरी झाली असती." ती झाली नाही याबद्दल वाचकांनी त्या अर्जदारांचे आभारच मानावेत.

आम्ही मारुंजीला राहतो. मुळशी तालुक्यातले हे गाव हिंजवडीला इतके खेटून आहे की हिंजवडी कुठे संपली आणि मारुंजी कुठे सुरू झाली हे नवख्याला सांगता यायचे नाही. एका बाजूला वीस-पंचवीस मजल्यांचे मनोरे, दुसऱ्या बाजूला कासारसाईच्या रस्त्याला उरलेली थोडी शेते. सकाळी सहापासून या रस्त्यावर पिवळ्या बसगाड्यांची रांग लागते. मनोऱ्यांतली मुले शाळेला निघतात आणि प्रत्येक गाडीच्या दारात एक बाई उभी असते. मुले तिला 'मावशी' म्हणतात. मुलांना हात देऊन वर घ्यायचे, मोजायचे, भांडणे सोडवायची, एखाद्याला उलटी झाली तर तीही निस्तरायची, आणि शाळेत पोचल्यावर पुन्हा मोजून उतरवायचे, हे तिचे काम. स्कूलबससाठी महाराष्ट्रात 2011 साली नियम झाले आणि गाडीत असा मदतनीस हवा, मुली असतील तर बाईच हवी, असे ठरले. नियम चांगला आहे. मूल सुखरूप पोचावे याची काळजी त्यात सगळी घेतली आहे.

आमच्या कोपऱ्यावर जी गाडी येई तिच्यावरच्या मावशी लातूरकडच्या. नवरा बांधकामावर, एक मुलगा आयटीआयत. शिक्षण सातवीपर्यंत, अक्षर मात्र माझ्या वर्गातल्या निम्म्या पदवीधरांनी लाजावे असे. मुलांची हजेरी त्या एका वहीत स्वतः लिहीत. सकाळी गाडी, मुले उतरली की त्याच शाळेत झाडलोट आणि कागदपत्रांची नेआण, दुपारी पुन्हा गाडी. दोन्ही कामांचे मिळून महिन्याला 9,000 रुपये. पैसे शाळा देत नसे, गाड्यांचा ठेकेदार देई. त्याच्या चार गाड्या आणि माणसे मोजून आठ.

2024 च्या जुलैत, पाऊस धो धो पडत असताना, एका संध्याकाळी मावशी आमच्या दारात उभ्या राहिल्या. उजव्या हाताला भलेमोठे बँडेज. डाव्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद.

"सर, हे जरा वाचून बघता का? मालकांनी दिलंय. सही कर म्हणत्यात."

तो शंभर रुपयांचा मुद्रांक होता. 'लिहून देणार' यांना 'लिहून घेणार' यांनी 15,000 रुपये 'माणुसकीच्या नात्याने' दिले असून, झाल्या घटनेबाबत लिहून देणार यांची आता कोणतीही तक्रार राहिलेली नाही व पुढेही राहणार नाही, असा त्यातला मजकूर. झाली घटना कोणती, ते कागदावर कोठेच नव्हते. उजवा हात तर बँडेजमध्ये, मग सही कशी करणार, असे मी विचारले. मावशी म्हणाल्या, "मालक म्हणाले, डाव्या हाताचा अंगठा चालंल. शाईचं पॅड बी धाडलंय." आणि खरोखरच त्या पिशवीतून एक जांभळे पॅड निघाले.

घटना अशी होती. गाडी शाळेच्या आवारात शिरली, मुले उतरली. पावसाने दार नीट सरकत नव्हते. आत एक दप्तर राहिले म्हणून मावशी वळल्या, आणि चालकाने दार ओढले. उजव्या अंगठ्याचे वरचे पेर चेमटले, ते शेवटी काढावे लागले. खर्च झाला 40,000 च्या घरात. त्यातला काही शाळेतल्या बायांनी वर्गणीने उभा केला.

मराठीत अंगठ्याभोवती केवढा संसार आहे! ज्याला लिहिता येत नाही तो अंगठेबहाद्दर. नाही म्हणायचे असेल तर अंगठा दाखवायचा. आणि गुरुशिष्याच्या सगळ्या गोष्टींत ज्या गोष्टीने शिक्षकाला आजही थोडे अवघडल्यासारखे होते, तीही अंगठ्याचीच. एकलव्य वर्गात मी शिकवला आहे. पण विद्येच्या आवारात उजवा अंगठा गमावलेले माणूस माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर, त्याआधी कधी बसलेले नव्हते.

मी मावशींना एवढेच सांगितले की आज कशावरच काही उठवू नका. दुसऱ्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो शिवाजीनगरच्या न्यायालयात वकिली करतो. (बी.ए.ला मराठी घेऊन वकील झालेली मुले पुढे फार चांगली निघतात, असा माझा अनुभव आहे. निदान अर्ज तरी ती स्वतः लिहितात.) त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, त्या कागदाला काडीची किंमत नाही. कामगाराने आपला भरपाईचा हक्क सोडून दिला असा करार कायद्यात रद्दच धरतात. मला एवढंच सांगा, अंगठा कोणत्या दारात सापडला?"

मी म्हटले, "म्हणजे? दारात."

"दार बसचं की शाळेचं?"

या एका प्रश्नाने मला पुढचे वर्षभर तो कायदा वाचायला लावले. व्याकरणाच्या माणसाला कायदा वाचण्यात एक वेगळीच गोडी वाटते. तिथे प्रत्येक विभक्तिप्रत्ययावर कोणाचे तरी पोट अवलंबून असते.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 साली झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला. जर्मनीत बिस्मार्कने अपघातविम्याचा कायदा 1884 मध्ये आणला, इंग्लंडात तसा कायदा 1897 मध्ये झाला, आपल्याकडे यायला आणखी पाव शतक लागले. त्याआधी गिरणीत हात तुटला तर मालकाची चूक कामगाराने शाबीत करायची. आणि हात तुटलेला कामगार वकील कोठून आणणार? नव्या कायद्याने हा प्रश्न मुळातूनच बदलला. चूक कोणाची हे विचारू नका, अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झाला ना, मग भरपाई द्या. या कायद्याच्या घडणीच्या काळात मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांची बाजू मांडणारा जो माणूस होता, तो आपलाच, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा: नारायण मल्हार जोशी. 1920 साली आयटक स्थापन करणाऱ्यांतले ते एक, हे पुष्कळांना ठाऊक असते. भारत सेवक समाजात 1909 साली जाण्यापूर्वी ते सुमारे आठ वर्षे शाळामास्तर होते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. त्या मास्तराने ज्या कायद्यासाठी घसा कोरडा केला, त्या कायद्यात मास्तर नव्हता!

कायदा प्रत्येक नोकरदाराला लागू नव्हताच. त्याला एक जोडयादी होती. कोणकोणते काम करणारा माणूस 'कामगार' धरायचा, त्याची ही दुसरी अनुसूची. यंत्रावर चालणाऱ्या वाहनाशी संबंधित काम करणारा तीत आहे, लिफ्ट चालवणारा आहे, इमारत बांधणारा आहे. शाळेत खडू घेऊन उभा राहणारा नाही. कारकुनी करणाऱ्याला तर त्या यादीतल्या कितीतरी कलमांतून मुद्दाम शब्द घालून वगळलेले होते. ते शब्द निघायला 2010 साल उजाडले. 2009 च्या दुरुस्तीने कायद्याच्या नावातला 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आला, उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यावा असे कलम आले. यादी मात्र राहिली.

म्हणजे मावशींचा अंगठा सकाळी बसच्या दारात सापडला असेल तर त्या वाहनाच्या कामावर होत्या, यादीत होत्या. तोच अंगठा तासाभराने पाचवी 'ब'च्या दारात सापडला असता, तर माझा वकील विद्यार्थीसुद्धा डोके खाजवीत बसला असता. बाई तीच, अंगठा तोच, मालक तोच.

आणि शाळेच्या वहीत काय लिहिलेले होते? 'मावशींचा अंगठा दारात सापडला. प्रथमोपचार केले.' झाले! षष्ठीचा एक प्रत्यय, 'बसच्या' हे एक पद, लिहिणाऱ्याने गाळले होते. मुद्दाम गाळले असे मी म्हणणार नाही. घाईत आपण सगळेच तसे लिहितो. पण तो पद वाचवणारा हात शाबूत होता आणि त्याची किंमत मोजणारा नव्हता.

ठेकेदाराने पुढे दुसरेच टुमणे लावले. मुले उतरली तेव्हाच बसचे काम संपले, बाई त्यावेळी शाळेच्या कामावर होती, असे तो म्हणू लागला. शाळा म्हणाली, आमचे काम पावणेआठला सुरू होते, अपघात साडेसातचा, तेव्हा ती बसच्या कामावर होती. अशा रीतीने मावशी त्या पंधरा मिनिटांत कोणाच्याच नोकरीत नव्हत्या. त्रिशंकूची गोष्ट मी इतकी वर्षे सांगतो, पण त्याला असा ठेकेदार भेटल्याचे पुराणात नाही.

या 'ओघा'वर आपल्या न्यायालयांत पुष्कळ काथ्याकूट झालेला आहे, आणि त्यातला एक नामांकित खटला मुंबईचाच आहे. 20 जुलै 1957 रोजी बेस्टचा एक चालक दिवसभराचे काम संपवून, गाडी जोगेश्वरीच्या आगारात लावून, बेस्टच्याच दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. अंधेरीजवळ त्या बसला अपघात झाला आणि थोड्याच दिवसांत तो वारला. काम संपले होते, मग भरपाई कसली, असा प्रश्न आला. सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली चालकाच्या विधवेच्या बाजूने निकाल दिला. चालकांनी वेळेवर ये-जा करावी यासाठीच त्यांना बसने जाण्याची मुभा होती, तेव्हा तो प्रवासही नोकरीचाच भाग, असे ठरले. उलट केरळातला एक कामगार 1971 साली पाळीला जाताना कारखान्यापासून किलोमीटरभर अलीकडे ट्रकखाली आला, पाळीला पंधरा मिनिटे होती. त्याला 1996 मध्ये त्याच न्यायालयाने नाही म्हटले.

आमच्याकडे हा वाद चालू असतानाच, जुलै 2025 मध्ये, उस्मानाबादकडचा एक निकाल लागला. साखर कारखान्याचा एक रखवालदार 22 एप्रिल 2003 रोजी पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवर निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. घरच्यांना 2009 साली भरपाई मंजूर झाली, ती 2011 मध्ये उच्च न्यायालयात रद्द झाली, आणि बावीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दिली. कामावर जाणे-येणे आणि नोकरी यांचा संबंध शाबीत झाला तर तो अपघात नोकरीतलाच, असे ठरले. घरापासून कामापर्यंतची वाट जर नोकरीत धरायची, तर बसच्या पायरीपासून शाळेच्या पायरीपर्यंतची वीस पावले सोडायची कशी? वकिलाने तो निकाल आमच्या कागदांना जोडला. मावशींना तो समजावून सांगितला तेव्हा त्यांनी भरपाईचे काही विचारले नाही. "बावीस वर्षं? त्याची पोरं मोठी झाली असतील," एवढेच म्हणाल्या.

आता तुम्ही म्हणाल, मावशींचे राहू द्या, शाळेतल्या इतरांचे काय? ते तर आणखी मजेशीर आहे. माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका स्नेहसंमेलनाच्या पताका लावताना खुर्चीवरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. रजा संपली, पुढे बिनपगारी झाली. शाळेने घरी येऊन शाल आणि श्रीफळ दिले. शिक्षक हा मान देण्याचा विषय आहे, भरपाई देण्याचा नव्हे, अशी आपल्या समाजाची जुनी समजूत आहे, आणि ती कायद्यापर्यंत पोचलेली आहे. गोव्यातल्या एका शाळेतून 1975 साली काढून टाकलेल्या शिक्षिकेने औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. शिक्षण ही संस्था 'उद्योग' या व्याख्येत बसते असे 1978 मध्येच ठरलेले होते. पण 1988 साली निकाल लागला की शिक्षक हा 'कामगार' नव्हे, कारण शिकवणे हे उदात्त कार्य आहे. पुढे 2004 मध्ये ग्रॅच्युइटीच्या कायद्यातूनही शिक्षक असाच बाहेर राहिला. ती चूक संसदेने 2009 मध्ये दुरुस्त केली, 3 एप्रिल 1997 पासून लागू केली, आणि तरी खासगी शाळा भांडत राहिल्या. 2022 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली तेव्हा प्रकरण मिटले. 'उदात्त' हा शब्द मी वर्गात अनेकदा वापरतो. तो एवढा महाग पडत असेल अशी मला कल्पना नव्हती.

शब्दांवरूनच निघाले म्हणून सांगतो. शाळेत माणसाला काय मिळते ते पाहा. पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या बाईला 'मानधन'. शिपायाची नेमणूक पूर्वी रीतसर होई आणि त्याला वेतन मिळे. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांत ती पदे भरण्याऐवजी शाळेला 'शिपाई भत्ता' द्यायचे ठरले, ग्रामीण भागात 5,000 रुपये. काही अपघात झालाच तर 'सानुग्रह' मदत. मान, भत्ता, अनुग्रह! यांत 'वेतन' आणि 'भरपाई' हे दोनच शब्द सापडत नाहीत, आणि हक्काने मागता येतात ते हे दोनच. खिचडीचे पातेले अंगावर कलंडले तर मानाचे धन घेणारीने कोणाकडे बोट दाखवायचे? शाळेतल्या विद्यार्थ्याला अपघात झाला तर त्याच्यासाठी राज्याची योजना आहे, ती असायलाच हवी. शिक्षक निवडणुकीच्या कामावर असताना गेला तर निवडणूक आयोगाची मदत आहे. तोच शिक्षक सोमवारी वर्गात परत आला की पुन्हा उदात्त होतो.

अलीकडे थोडे बदलले आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1923 चा कायदा तिच्यात विरून गेला. दहा किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांना राज्य विम्याच्या छत्राखाली आणणारे कलम तीत आहे. मी ते वाचतो त्याप्रमाणे खासगी शाळेला त्यातून अंग काढून घेणे कठीण जावे. पण विम्याला पगाराची मर्यादा असते, ती 2017 पासून 21,000 रुपयांची होती. आणि विम्याबाहेर राहणाऱ्यांसाठी भरपाईचे जे प्रकरण आहे, त्याला ती जुनी यादी चिकटलेलीच आहे. यादीत आणखी कामे घालण्याचा अधिकार सरकारला आहे. एक ओळ पुरेल: 'शाळेत कोणत्याही कामावर असलेली व्यक्ती'. अर्ज लिहायचा झाला तर मी तयार आहे.

मावशींचा दावा जुन्या कायद्याखालचा. हिशेब मी स्वतः करून पाहिला, कारण तो शाळकरी अंकगणिताचा आहे. पगार 9,000, त्याचे साठ टक्के 5,400. वय 45, त्याचा ठरलेला गुणक 169.44. गुणाकार 9,14,976. उजवा-डावा भेद नाही. अंगठ्याचे वरचे पेर गेले तर कमाईची शक्ती 20 टक्के गेली असे पहिल्या अनुसूचीत छापलेले आहे. म्हणजे 1,82,995 रुपये, आणि दवाखान्याचा खर्च वेगळा. महिन्याच्या आत दिले नाहीत तर वर्षाला 12 टक्के व्याज. माणुसकीच्या नात्याचे 15,000 झाले होते.

2025 च्या आरंभी अर्ज दाखल केला. त्यातले वाक्य माझे आहे: 'अर्जदार हिचा उजव्या हाताचा अंगठा बसच्या सरकत्या दारात चेमटला.' इतके निरलंकार वाक्य मी आयुष्यात लिहिलेले नाही, आणि इतक्यांदा वाचूनही पाहिलेले नाही. कायद्याने असे दावे तीन महिन्यांत निकालात काढायचे असतात. आमचे दीड वर्ष होऊन गेले. चालकाची साक्ष झाली. तो बिचारा ठेकेदाराकडेच नोकरीला, तरी त्याने सांगितले, "दार मीच ओढलं. बसचं." ठेकेदार आता थोडा नरमला आहे, आधी 50,000 म्हणत होता, गेल्या तारखेला एक लाखावर आला. वकील म्हणतो, थांबा. मावशींचा मुलगा म्हणतो, घेऊन टाक. तडजोड केली तरी ती आयुक्तांकडे नोंदवूनच करायची आणि पैसे त्यांच्याकडेच जमा व्हायचे, हे मी दोघांनाही सांगून ठेवले आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.

मावशी आता बसवर नाहीत. एका घरी पोळ्या करतात. अंगठ्याशिवाय पोळी लाटायला दोन महिने लागले, म्हणतात. हजेरीच्या वहीतले ते अक्षर मात्र गेले. परवा त्या ओट्यावर चकलीची भाजणी मळायला सौ.ना मदत करीत होत्या. बरोबर कोपऱ्यावरच्या दुसऱ्या गाडीच्या मावशीही आल्या होत्या. त्या यादीची गोष्ट त्यांनी कुठून तरी ऐकली होती. मी दाणे घ्यायला आत गेलो तेव्हा त्यांनी विचारले,

"सर, त्या कागदात सगळ्या बोटांचं लिवलंय का हो?"

"सगळ्या."

"करंगळीचं किती?"

"सात टक्के."

त्यांनी आपली करंगळी एकदा उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा पिठात हात घातला.